रिपोर्टखालची सही

नोव्हेंबर १९८७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकी वृत्तपत्रात वॉल्ट बोग्डानिच या पत्रकाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल लिहायला सुरुवात केली. गर्भाशयमुखावरून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, अशी ही जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘पॅप’ तपासणी. साधी, स्वस्त आणि असंख्य बायकांचे जीव वाचवणारी. पण एका काचेवर हजारो, कधी लाखाहून जास्त पेशी असतात आणि त्यांत बिघडलेल्या पेशी मोजक्याच असू शकतात. बोग्डानिच यांनी उघडकीला आणलं ते असं, की काही प्रयोगशाळांत तंत्रज्ञांना काचेमागे पैसे मिळत. जितक्या काचा जास्त, तितकी कमाई जास्त. काहीजण तर काचा घरी नेऊन तपासत. ‘काही दोष नाही’ असा रिपोर्ट हातात पडलेल्या काही बायकांचा कर्करोग त्या काचेवर आधीच दिसत होता. तो पाहायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

या लेखनाला १९८८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने प्रयोगशाळांसाठीचा कायदा कडक केला. एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत १०० हून जास्त काचा पाहायच्या नाहीत, आणि निर्दोष ठरवलेल्या काचांपैकी किमान १० टक्के दुसऱ्यांदा तपासायच्या, असे नियम आले.

कृत्रिम बुद्धिमत्ता पॅथॉलॉजीत शिरली ती याच दारातून, आणि आपल्याला वाटतं त्याहून खूप आधी. ‘पॅपनेट’ नावाच्या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये परवानगी दिली. तिच्या पोटात न्यूरल नेटवर्क होतं, म्हणजे आजच्या यंत्रांचाच पूर्वज. परवानगी मर्यादित होती : माणसाने निर्दोष ठरवलेल्या काचा पुन्हा चाळण्यापुरती. यंत्र काचेवरच्या सगळ्या पेशी धुंडाळून सर्वांत संशयास्पद अशी १२८ चित्रं पडद्यावर मांडायचं आणि तंत्रज्ञ ती पाहून ठरवायचा. कंपनीने थेट बायकांना उद्देशून जाहिराती केल्या. त्यातून डॉक्टरांपुढे अवघड प्रश्न उभे राहिले. यंत्र उपलब्ध असताना वापरलं नाही, तर तो निष्काळजीपणा ठरेल का? आणि यंत्राने दाखवलेल्या चित्रांत बिघडलेली पेशी होती, पण ती माणसाच्या नजरेतून सुटली, तर तेच चित्र उद्या कोर्टात पुरावा म्हणून येईल का? उत्तरं पक्की होण्याआधीच, १९९९ मध्ये, कंपनीचं दिवाळं निघालं. प्रश्न मात्र होते तिथेच राहिले, आणि आज ते कितीतरी मोठ्या आकारात आपल्यापुढे आहेत.

या सगळ्या प्रकरणात माझं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. यंत्र ‘इथे संशय आहे’ म्हणतं, तेव्हा पुढे माणूस येतो. तो पुन्हा बघतो, जास्तीची चाचणी मागवतो, सहकाऱ्याला विचारतो. यंत्र चुकलं असेल तर ते बहुधा तिथेच लक्षात येतं. पण यंत्र ‘इथे काही नाही’ म्हणतं, तेव्हा पुढे कोणीच येत नाही. ती चूक वर्षा-दोन वर्षांनी गाठीच्या रूपाने परत येते. पॅथॉलॉजीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीचे बहुतेक प्रश्न या ‘काही नाही’पाशी येऊन थांबतात.

आधी काचेपर्यंतचा प्रवास पाहू. ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पडतो, जेणेकरून कुजू नये. मग त्यातलं पाणी काढून त्याजागी मेण भरतात आणि त्याचा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, तयार करतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पापुद्रा काचेवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवतात : पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी. गेलं शतकभर जगभरातले पॅथॉलॉजिस्ट हीच निळी-गुलाबी दुनिया पाहून रोग ओळखत आले आहेत. आता ती काच स्कॅनरमध्ये जाते आणि तिचं एक अवाढव्य चित्र बनतं, कधी एका बाजूला लाखभर बिंदू असलेलं. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा अशा एका यंत्रणेला, केवळ पडद्यावरचं चित्र पाहून प्राथमिक निदान करण्यासाठी, मान्यता मिळाली. काचेचं चित्र झालं की संगणकाला ते शिकवता येतं.

शिकवायचं म्हणजे काय? हजारो चित्रं द्यायची आणि प्रत्येकाबरोबर उत्तर सांगायचं : इथे कर्करोग आहे, इथे नाही. उत्तर कुठून आणायचं? पॅथॉलॉजिस्टकडून. आणि इथे आपण जरा थांबायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टांनी स्तनाच्या तुकड्यांच्या काचा वाचून दिलेले निष्कर्ष तीन तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिले गेले. पसरू लागलेला कर्करोग असेल तेव्हा ९६ टक्के वेळा मत जुळलं. पण पेशी बिघडू लागल्या आहेत आणि अजून कर्करोग म्हणता येत नाही अशा मधल्या अवस्थेत, ज्याला डॉक्टर ‘एटिपिया’ म्हणतात, मत जुळण्याचं प्रमाण निव्वळ ४८ टक्के निघालं. याचा अर्थ डॉक्टर बेजबाबदार आहेत असा मुळीच नाही. शरीरात रोग पायरीपायरीने बदलत जातो आणि आपण त्यावर रेषा आखतो. रेषेजवळ मतभेद होणारच. पण यंत्राला शिकवताना तो मतभेद गाळून एकच ‘बरोबर उत्तर’ दिलं जातं. म्हणून एखादी कंपनी ‘आमचं यंत्र इतके टक्के अचूक’ म्हणते, तेव्हा विचारायला हवं : कोणाच्या मताशी ताडून? आणि रेषेजवळच्या काचा त्यात किती होत्या?

तुलना कशी केली यावरही बरंच काही ठरतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भरवलेली ‘कॅमेलियन १६’ ही स्पर्धा या क्षेत्रातला मैलाचा दगड मानली जाते. स्तनाचा कर्करोग काखेतल्या लसिकाग्रंथीत पोचला आहे का, हे काचेवरून ओळखायचं होतं. अकरा पॅथॉलॉजिस्टांना १२९ काचा दिल्या आणि साधारण दोन तासांची मुदत ठेवली. काचेमागे मिनिटभरसुद्धा नाही. सर्वांत चांगल्या संगणकप्रणालीने त्यांना मागे टाकलं. कर्करोगाचे अगदी बारीक ठिपके असलेल्या काचांपैकी एक तृतीयांशाहून अधिक तर त्या अकरांतल्या सर्वांत सरस डॉक्टरच्याही नजरेतून सुटल्या. २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे प्रसिद्ध झालं आणि यंत्राने डॉक्टरांना हरवल्याचा बोलबाला झाला. त्याच अभ्यासात आणखी एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचं बंधन घातलं नव्हतं. त्यांनी त्याच १२९ काचांना सुमारे तीस तास दिले आणि त्यांची कामगिरी यंत्राच्या अगदी जवळ पोचली. शिवाय रोजच्या कामात शंका आली की पॅथॉलॉजिस्ट विशेष रंगचाचणी मागवतो, शेजारच्या टेबलावर काच नेऊन दाखवतो. स्पर्धेत ती सोय नव्हती.

मला या अभ्यासात यंत्राच्या हुशारीइतकीच वेळेची किंमत दिसते. काचेमागे मिनिट मिळणाऱ्या आणि चौदा मिनिटं मिळणाऱ्या डोळ्यांत जो फरक पडला, तो १९८७ मध्येही पडला होता. मग यंत्राने वाचवलेला वेळ जातो कुठे? अवघड काचेकडे तो वळवला तर रुग्णाचं भलं. माणसं कमी करण्याकडे किंवा त्याच डॉक्टरकडून दुप्पट रिपोर्ट काढण्याकडे वळवला, तर आपण फिरून काचेमागे पैसे देणाऱ्या प्रयोगशाळेतच पोचलो. हा निर्णय यंत्र घेत नाही. तो रुग्णालयाचे व्यवस्थापक घेतात आणि नीतीचा जाब त्यांनाही विचारायला हवा.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी १५,१८७ रुग्णांच्या ४४,७३२ काचांवर शिकवलेली प्रणाली सादर केली. त्यांचा दावा होता की ही वापरली तर ६५ ते ७५ टक्के काचा पॅथॉलॉजिस्टला पाहाव्याच लागणार नाहीत आणि तरीही एकही कर्करोग सुटणार नाही. संशोधन भक्कम होतं. पण ‘एकही सुटणार नाही’ हे त्यांच्या काचांवर सिद्ध झालं होतं, आणि काचा सगळीकडे सारख्या नसतात.

घराघरातला गोडा मसाला जसा वेगळा, तसा प्रत्येक प्रयोगशाळेचा रंग वेगळा. रसायनाचा घाणा, पापुद्र्याची जाडी, रंगात बुडवण्याचा वेळ, स्कॅनरची कंपनी, सगळ्याची छाप चित्रावर पडते. अनुभवी डोळा तिकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यंत्र मात्र तीच छाप पकडू शकतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अॅटलास’ या सार्वजनिक संग्रहातली चित्रं तपासली. काच कोणत्या रुग्णालयातून आली हे यंत्राला चित्रावरून ओळखता येत होतं, रंग एकसारखे करून घेतल्यावरसुद्धा. आता असं समजा, की एका रुग्णालयात गोरे आणि सुखवस्तू रुग्ण जास्त येतात आणि दुसऱ्यात गरीब, उशिरा पोचणारे. यंत्र पेशी पाहण्याऐवजी रुग्णालय ओळखून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधू लागेल आणि आकडे तरीही झकास दिसतील. त्वचेच्या कर्करोगाबाबत असंच घडलेलं आहे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर तिळाभोवती पेनने खूण करतात. ती खूण फोटोत असली की एक प्रणाली साध्या तिळालाही कर्करोग म्हणू लागते, असं जर्मन संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. भारतात लसिकाग्रंथी सुजण्याचं एक मोठं कारण क्षय आहे. युरोपातल्या रुग्णांच्या काचांवर शिकलेल्या यंत्राने क्षयाच्या गाठी किती पाहिल्या असतील? तोंडाचा कर्करोग महाराष्ट्रात आणि देशभर तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे होतो. पाश्चात्त्य देशांत घशाच्या मागच्या भागातले कर्करोग मोठ्या प्रमाणावर विषाणूमुळे होतात. सुपारीने तोंडाचं अस्तर घट्ट होऊन तोंड उघडेनासं होतं, त्या आजाराच्या काचा तिकडच्या संग्रहात शोधाव्या लागतील. म्हणून बाहेरून आणलेलं कोणतंही यंत्र इथल्या काचांवर, इथल्या रंगांत, इथल्या स्कॅनरवर तपासल्याशिवाय वापरू नये. एकदा तपासून भागत नाही. स्कॅनर बदलला, रसायन बदललं किंवा कंपनीने प्रणालीत सुधारणा केली, की तपासणी पुन्हा करायला हवी. ही कटकट खर्चाची आहे. ती टाळणाऱ्याच्या चुकीची किंमत मात्र रुग्ण मोजतो.

आता सहीकडे येऊ. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधून आलेल्या एका खटल्यात निकाल दिला : प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेसाठी हा जिव्हाळ्याचा विषय होता. केवळ तंत्रज्ञाने चालवलेल्या लॅब, आणि ज्या डॉक्टरने नमुना पाहिलाच नाही त्याची स्कॅन केलेली सही खाली छापलेले रिपोर्ट, याविरुद्ध ती अनेक वर्षं झगडत होती. त्या झगड्याचं सार एवढंच होतं, की जो सही करतो त्याने पाहिलेलं असलं पाहिजे.

यंत्र आल्यावर ही अट किती तग धरेल? कागदावर तर सगळे मान्य करतात. अमेरिकेने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोस्टेटच्या तुकड्यांसाठी ‘पेज प्रोस्टेट’ या प्रणालीला मान्यता दिली, ती पॅथॉलॉजिस्टच्या मदतीपुरती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नीतिनियम जाहीर केले. त्यांतही माणसाची देखरेख आणि उत्तरदायित्व ही तत्त्वं ठळकपणे मांडली आहेत. अडचण कागदाबाहेर आहे. २०२३ मध्येच जर्मनीत २७ रेडिऑलॉजिस्टांना स्तनाच्या क्ष-किरण प्रतिमा दाखवून एक प्रयोग झाला. ‘यंत्राचं मत’ म्हणून काही वेळा मुद्दाम चुकीचं उत्तर दाखवलं होतं. उत्तर बरोबर असताना नवशिके डॉक्टर जवळपास ८० टक्के वेळा बरोबर ठरले. यंत्र चुकीचं बोललं तेव्हा त्यांचं बरोबर येण्याचं प्रमाण २० टक्क्यांवर कोसळलं. अनुभवी डॉक्टरांचंही ८२ वरून ४६ टक्क्यांच्या आसपास आलं. क्ष-किरण आणि काच यांत फरक असला तरी बघणारं मन एकच आहे. समोर ‘काही नाही’ असं लिहिलेलं असताना दिवसाच्या सत्तराव्या काचेकडे आपण कसं बघतो, हे कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरला विचारा.

म्हणून मला वाटतं, डॉक्टरने आपलं मत आधी नोंदवावं आणि मगच यंत्राने आपलं मत उघड करावं. मतं जुळली नाहीत तर काच तिसऱ्याकडे जावी, आणि दोन्ही मतांची नोंद राहावी. यात वेळ कमी वाचतो हे उघड आहे. पण सही करणारा खरोखर पाहतो. आणि ज्या डॉक्टरला वाद घालायला वेळ दिला नाही, त्याच्यावर चुकीची सगळी जबाबदारी टाकणं हाही अन्यायच. यंत्र विकणारी कंपनी आणि ते घेणारं रुग्णालय यांनाही त्या सहीत आपला वाटा उचलायला लावणारा कायदा हवा.

शिकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. पोलंडमधल्या चार केंद्रांतल्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राची सवय लागल्यावर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून छातीठोक काही म्हणू नये. तरी निवासी डॉक्टर हजारो साध्या, निरोगी काचा पाहून तयार होतो. निरोगी कसं दिसतं ते डोळ्यांत मुरलं, की बिघडलेलं खटकतं. साध्या काचा यंत्राकडे गेल्या, तर वीस वर्षांनी यंत्राला ‘तू चुकतोस’ म्हणणारा कुठून आणणार?

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. आपल्या अनेक तालुक्यांत पॅथॉलॉजिस्ट नाही. तुकडा मुंबई-पुण्याला जातो आणि रिपोर्टची वाट पाहण्यात आठवडे जातात. तिथे यंत्र नाकारणं हीसुद्धा नैतिक चूक ठरू शकते. माझं म्हणणं एवढंच, की तिथे यंत्राने क्रम लावावा. संशयित काच ढिगाच्या वर आणावी, म्हणजे ती आज पाहिली जाईल. ‘काही नाही’ म्हणून कोणाला घरी पाठवण्याचा अधिकार त्याला देऊ नये. शहरातल्या रुग्णाला डॉक्टरची सही आणि गावातल्या रुग्णाला यंत्राचा शिक्का, अशी वाटणी गरजेच्या नावाखाली रुळली, तर ती मागे घेणं फार कठीण जाईल.

शेवटचा प्रश्न काचांच्या मालकीचा. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘प्रोपब्लिका’ यांनी बातमी दिली, की स्लोन केटरिंगने आपल्या संग्रहातल्या अडीच कोटी काचा आणि त्यावरचं पॅथॉलॉजिस्टांचं अनेक दशकांचं काम वापरण्याचा विशेष हक्क ‘पेज’ या नव्या कंपनीला दिला होता. कंपनीच्या संस्थापकांत रुग्णालयातलीच माणसं होती आणि संचालक मंडळातल्या काहींनी तिच्यात पैसे गुंतवले होते. रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टांनीच यावर आवाज उठवला. सगळं कायद्यात बसत होतं, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. कायद्यात बसतं ही अशा वेळी फार अपुरी समजूत आहे. जॉन मूर यांचं प्रकरण आठवावं. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांची प्लीहा काढली. तिच्या पेशींपासून डॉक्टरांनी एक पेशीवंश तयार केला आणि १९८४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मूर यांना याचा पत्ताच नव्हता. ते सिअॅटलहून वर्षानुवर्षं तपासणीसाठी येत राहिले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, काढून टाकलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही, पण त्यात डॉक्टरचा स्वतःचा फायदा असेल तर तो आधी सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे.

परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला जाणारे रुग्ण गावाकडच्या लॅबमधून काचा आणि ब्लॉक मागून घेतात आणि पिशवीतून जपून नेतात. त्यांच्या लेखी ती काच त्यांची असते. तिची संगणकीय प्रत निघाली की ती एकाच वेळी दहा ठिकाणी असू शकते. भारताचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, पण नाव-पत्ता पुसलेल्या काचेच्या चित्राबाबत रुग्णाचा हक्क कुठवर पोचतो हे त्यातून स्पष्ट होत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, घाबरलेल्या नातेवाइकाकडून बारीक अक्षरातल्या इंग्रजी कागदावर घेतलेली सही ही संमती मानता येत नाही. मराठीत, मोठ्या अक्षरात, उपचाराच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर विचारायला हवं : तुमच्या काचा यंत्र शिकवायला वापरू का? कंपनीला देऊ का? ‘नाही’ म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही, हेही त्याच कागदावर असावं. आणि सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालय आपला संग्रह कंपनीला देणार असेल, तर करार लोकांना वाचता यावा. त्यात कोणाचा किती वाटा आहे ते कळावं आणि तयार झालेलं यंत्र त्याच रुग्णालयाला, त्याच रुग्णांच्या जिल्ह्यांना कोणत्या दरात मिळेल, याचं कलम करारावर सही होण्याआधी लिहिलेलं असावं.